क्लोनवर दिलेली कमांड आणि मूळ सर्व्हरचं बंद झालेलं रेशन

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास डेव्हलपर टीममधल्या एकीने चॅटवर स्क्रीनशॉट टाकला. खाली लिहिलं होतं, "स्टेजिंगवर पॅकेज बसत नाहीये. डिपेंडन्सीचा घोळ दिसतोय. दुपारपर्यंत होईल का?" स्टेजिंग म्हणजे चाचणीसाठी ठेवलेला सर्व्हर, आणि डिपेंडन्सी म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं. चित्रात सात-आठ ओळी. प्रत्येकीत ‘नथिंग प्रोव्हाइड्स’ (हे कुठेच मिळत नाही) आणि पुढे कुठल्या तरी लायब्ररीचं नाव. सगळ्यात खाली पॅकेजं बसवणाऱ्या डीएनएफ या प्रोग्रॅमचा ठेवणीतला सल्ला: ‘स्किप-ब्रोकन’ किंवा ‘नोबेस्ट’ लावून बघा. या सल्ल्याने कुणाचं भलं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

सर्व्हर रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९.४ चा. त्यावर पोस्टग्रेस्क्यूएल १६ हा डेटाबेस. हे पोस्टग्रेस रेड हॅटच्या अ‍ॅपस्ट्रीममधून न घेता पोस्टग्रेस प्रकल्पाच्या स्वतःच्या पीजीडीजी रिपॉझिटरीतून घेतलेलं. (रिपॉझिटरी म्हणजे पॅकेजांचं कोठार.) चॅटवर लिहिणाऱ्या त्या डेव्हलपरला सी भाषेत लिहिलेलं एक छोटं एक्स्टेन्शन कंपाइल करायचं होतं, म्हणून पोस्टग्रेसचं ‘डेव्हल’ पॅकेज हवं होतं. एरवी पाच मिनिटांचं काम. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुढे लागणार आहे: हा सर्व्हर आम्ही मुद्दाम ९.४ वर रोखून धरला होता. ज्या बाहेरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं, त्यांची मान्यता तेवढ्या आवृत्तीपुरतीच होती.

मी दुसऱ्या कामात होतो, म्हणून निरोप नव्या मुलाकडे गेला. मुलगा हुशार आहे, हात चालतो. कधीकधी जरा जास्तच चालतो. यादीत पर्लचं ‘आयपीसी-रन’ मॉड्यूल दिसत होतं. त्याने कुठल्याशा साइटवरून त्याचं आरपीएम, म्हणजे पॅकेजची फाइल, उतरवलं. त्या आरपीएमने आणखी एक मागितलं. ते आणलं, तर त्याने तिसरं मागितलं. शेवटी वैतागून त्याने सेंटओएस स्ट्रीम ९ च्या एका मिररची रिपो फाइल (रिपॉझिटरीचा पत्ता डीएनएफला सांगणारी फाइल) लिहिली आणि पुन्हा इन्स्टॉल दिलं. आता डीएनएफ खूश. यादी भलीमोठी आली, त्यात जीलिबसी ही जवळपास सगळ्या प्रोग्रॅमांच्या तळाशी असलेली लायब्ररी अपग्रेड करण्याचा प्रस्तावही होता. सुदैवाने ‘वाय’ दाबायच्या आधी त्याने मला हाक मारली: "सर, एकशे तीस पॅकेजं दाखवतंय, करू का?"

"करू नकोस. हात काढ कीबोर्डवरून."

स्ट्रीम हे रेड हॅटच्या पुढच्या किरकोळ आवृत्तीचं वाहतं रूप आहे. ९.४ वर रोखलेल्या मशीनमध्ये ते मिसळलं की मशीन धड स्ट्रीम राहत नाही, धड रेड हॅट राहत नाही, आणि पुढे सपोर्टला फोन केला तर ‘हे काय चढवलंय तुम्ही?’ इथूनच बोलणं सुरू होतं. ती रिपो फाइल काढली, डीएनएफची कॅशे साफ केली आणि तीच इन्स्टॉलची कमांड माझ्यासमोर पुन्हा चालवायला सांगितली.

स्क्रीनशॉटमध्ये कापल्या गेलेल्या ओळी आता दिसल्या. सगळ्यात वर, ‘नथिंग प्रोव्हाइड्स’च्या कितीतरी आधी, दोन ओळी होत्या. पहिली: ‘अनएबल टु रीड कन्झ्युमर आयडेंटिटी’, म्हणजे मशीनची ओळख वाचता येत नाही. दुसरीचा अर्थ असा की ही सिस्टीम कुठल्याही एन्टायटलमेंट सर्व्हरकडे नोंदलेली नाही, नोंदवायची असेल तर सबस्क्रिप्शन-मॅनेजर वापरा. रेड हॅटची पॅकेजं घ्यायची तर मशीन त्यांच्याकडे सबस्क्रिप्शनखाली नोंदलेलं लागतं, आणि ही नोंदणी सांभाळणारी कमांड म्हणजे सबस्क्रिप्शन-मॅनेजर. म्हणजे डिपेंडन्सी वगैरे काही तुटलेली नव्हती. रेड हॅटच्या बेसओएस आणि अ‍ॅपस्ट्रीम या दोन्ही रिपॉझिटरी यादीतूनच गेल्या होत्या. उरली होती एकटी पीजीडीजी, कारण तिची रिपो फाइल आम्ही हाताने ठेवलेली आणि तिला रेड हॅटच्या नोंदणीशी काही देणंघेणं नाही. डीएनएफला डेव्हल पॅकेज तिथे सापडलं. त्याला लागणाऱ्या गोष्टी मात्र रेड हॅटच्या घरात होत्या, आणि ते घर कुलूपबंद. पीजीडीजी नसती तर डीएनएफने सरळ ‘एकही रिपॉझिटरी चालू नाही’ असं सांगितलं असतं आणि आमचे दोन तास वाचले असते. तेव्हापासून मी टीममध्ये एक नियम केलाय: एररचा स्क्रीनशॉट चालणार नाही, टर्मिनलमधला मजकूर कमांडपासून अखेरपर्यंत पेस्ट करायचा.

खरा प्रश्न आता सुरू झाला. हा सर्व्हर वर्षभर नोंदलेला होता. आदल्या आठवड्यात याच मशीनवर सुरक्षेचे अपडेट बसले होते. मग नोंदणी गेली कुठे?

पहिला संशय पैशांवर. सबस्क्रिप्शन संपलं असेल. खरेदी विभागात विचारलं. नूतनीकरण झालेलं, मुदत पुष्कळ बाकी. शिवाय मुदत संपली असती तर मशीनची ओळख पुसली गेली नसती. ओळख राहते आणि पॅकेज उतरवताना ४०३ सारखा नकार मिळतो. इथे ओळखच नव्हती. दुसरा संशय नेटवर्कवर, प्रॉक्सीवर. पण नेटवर्क अडलं असतं तर टाइमआउट दिसला असता, ‘नोंदलेली नाही’ हे उत्तर आलं नसतं.

मग ईटीसीखालच्या पीकेआय डिरेक्टरीत डोकावलो. मशीनची ओळख तिथे ‘कन्झ्युमर’ नावाच्या फोल्डरात राहते, एक सर्टिफिकेट आणि एक खाजगी की. त्या सर्टिफिकेटच्या नावाच्या जागी एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुणाला नसलेला लांबलचक क्रमांक, असतो. रेड हॅटच्या सर्व्हरवर हे मशीन त्याच क्रमांकाने ओळखलं जातं. फोल्डर रिकामं होतं. पण शेजारी आणखी एक फोल्डर होतं: ‘कन्झ्युमर.ओल्ड’. तारीख सोमवारची, वेळ दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं.

या ‘.ओल्ड’ने सगळं प्रकरण फिरवलं. हे फोल्डर कुणा माणसाने केलेलं नसतं. आरएचएसएमसर्टडी नावाची सेवा मागे चालू असते. मूळ सेटिंगमध्ये दर २४० मिनिटांनी ती रेड हॅटकडे जाते आणि आपली सर्टिफिकेटं अजून चालतात ना हे विचारून येते. एखाद्या फेरीत समोरून ‘४१०, गॉन’ असं उत्तर आलं, म्हणजे ‘या क्रमांकाचं मशीन आमच्याकडून काढून टाकलंय’, तर ही सेवा आधी उत्तरातला क्रमांक आपलाच आहे का हे पडताळते. आपलाच असेल तर स्थानिक ओळख पुसते आणि जुनं सर्टिफिकेट ‘कन्झ्युमर.ओल्ड’मध्ये बाजूला ठेवते. व्हार लॉगखालच्या आरएचएसएम लॉगमध्ये तीन चाळीसला अगदी हेच लिहिलेलं होतं: कन्झ्युमर प्रोफाइल सर्व्हरवरून डिलीट झालं आहे.

म्हणजे आमच्या सर्व्हरने काहीच केलं नव्हतं. त्याला फक्त कळलं होतं. सोमवारी अकरा चाळीस ते तीन चाळीसच्या मधे कधीतरी, दुसऱ्याच कुणीतरी त्याचं नाव तिकडच्या दप्तरातून काढलं होतं.

मी टीममध्ये विचारलं, सोमवारी दुपारी कुणी सबस्क्रिप्शनला हात लावला होता का? नवा मुलगा म्हणाला, "मी लावला होता सर, पण स्टेजिंगवर नाही. लोड टेस्टसाठी त्याचा क्लोन केलाय ना, त्याच्यावर. दोन मशीन एकाच नावाने दिसतायत म्हणून क्लोनची नोंदणी काढून टाकली, नवी करायच्या आधी."

त्याचा विचार शंभर टक्के बरोबर होता. कमांड चुकली. आणि खरं सांगायचं तर ती चूक त्याची कमी, माझी जास्त, कारण क्लोन कसा करायचा हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

व्हर्च्युअल मशीनचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, केला की डिस्क जशीच्या तशी येते, म्हणजे ‘कन्झ्युमर’ फोल्डरही येतं. दोन्ही मशीनांकडे एकच यूयूआयडी. रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन दोन घरं एकाच दुकानात जातात तसं. दुकानदाराच्या वहीत घर एकच. जोवर दोघे गुपचूप धान्य घेतात, तोवर कुणाला कळत नाही. पण एकाने तहसील कार्यालयात जाऊन नाव कमी करून घेतलं, की दुसऱ्याच्याही कार्डावर धान्य मिळायचं थांबतं. ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर अनरजिस्टर’ ही ती तहसीलमधली फेरी. ती आधी सर्व्हरला सांगते की हा क्रमांक काढा, आणि मग स्थानिक फाइली पुसते. त्याला हवी होती ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर क्लीन’. ती फक्त स्वतःच्या हातातलं कार्ड फाडते, तहसीलला काही कळवत नाही.

खात्री करून घ्यायची होती. स्टेजिंगवरच्या ‘कन्झ्युमर.ओल्ड’मधल्या सर्टिफिकेटवर ओपनएसएसएल चालवून यूयूआयडी काढला. क्लोनच्या आरएचएसएम लॉगमध्ये सोमवारी बारा वाजून आठ मिनिटांनी डिलीटची विनंती गेलेली होती, तिच्या पत्त्यात तोच यूयूआयडी. एक अक्षर इकडेतिकडे नव्हतं. बारा आठला नाव कमी झालं, तीन चाळीसच्या फेरीत मूळ मशीनला पत्ता लागला, आणि एररला तोंड फुटलं दुसऱ्या दिवशी साडेदहाला.

इथे थोडा मागचा इतिहास सांगणं भाग आहे, कारण ही चूक एका माणसाची नाही, एका सवयीची आहे. आमची बरीचशी मशीनं सेंटओएस ७ वर होती. ३० जून २०२४ ला त्याचा आधार संपला आणि आम्ही रेड हॅट ९ वर आलो. सेंटओएसवर नोंदणी नावाची भानगडच नव्हती. क्लोन करा, आयपी बदला, होस्टनेम बदला, झालं. दहा वर्षं आम्ही हेच केलं आणि कधी काही बिघडलं नाही. सबस्क्रिप्शनच्या सिस्टीमवर मात्र मशीनचा एक भाग डिस्कवर असतो आणि एक भाग दुसऱ्याच्या सर्व्हरवर. क्लोन फक्त डिस्कचा होतो.

हा दुसरा भाग किती मोठा असतो, हे पुढच्या अर्ध्या तासात कळलं.

जुनी ओळख परत मिळणार नव्हती. नोंदणी करताना जुना यूयूआयडी देऊन ती उचलण्याची सोय आहे, पण त्यासाठी समोरच्या दप्तरात ती नोंद शिल्लक लागते. इथे नोंदच काढली गेलेली. त्यामुळे अ‍ॅक्टिव्हेशन की आणि संस्थेचा क्रमांक देऊन नवी नोंदणी केली. प्रॉक्सीचा पत्ता आरएचएसएम.कॉन्फमध्ये लिहिलेला असतो आणि ती फाइल पुसली जात नाही, त्यामुळे तिथे अडलं नाही.

मुलाने लगेच ‘स्टेटस’ कमांड दिली आणि त्याचा चेहरा पडला. ओव्हरऑल स्टेटस: डिसेबल्ड. तो पुन्हा ‘फोर्स’ लावून नोंदणी करायला निघाला होता, मी थांबवलं. खालची ओळ वाच म्हटलं. तिथे लिहिलेलं असतं की कंटेंट अ‍ॅक्सेस मोड ‘सिंपल कंटेंट अ‍ॅक्सेस’ आहे आणि सबस्क्रिप्शनची स्थिती काहीही असली तरी या मशीनला कंटेंट मिळेल. ‘डिसेबल्ड’ आहे ती प्रत्येक मशीनला वेगवेगळं सबस्क्रिप्शन चिकटवण्याची जुनी पद्धत. इंटरनेटवरच्या अर्ध्याअधिक जुन्या लेखांत ‘रजिस्टर करा, मग अटॅच करा’ असं असतं. या मोडमध्ये अटॅच करायचं कारणच उरत नाही. नोंदणी झाली का, हे बघायला ‘आयडेंटिटी’ कमांड पुरेशी आहे. यूयूआयडी दाखवला की झालं.

रिपॉझिटरींच्या यादीत बेसओएस आणि अ‍ॅपस्ट्रीम परत आल्या. डेव्हल पॅकेजचं इन्स्टॉल पुन्हा दिलं. सात-आठ तक्रारींतली एकच उरली: पर्लचं आयपीसी-रन. सकाळी ज्याच्या मागे तो मुलगा धावत होता तेच.

हे मॉड्यूल रेड हॅटच्या कोडरेडी बिल्डर नावाच्या तिसऱ्या रिपॉझिटरीत असतं. ती आपोआप चालू नसते, हाताने चालू करावी लागते, आणि तिच्यातल्या पॅकेजांना रेड हॅटचा सपोर्टही नसतो. पण मला नीट आठवत होतं, वर्षापूर्वी या मशीनवर मीच ती चालू केली होती. मग आता बंद कशी?

इथे मी स्वतः पाच मिनिटं अडखळलो. रिपो चालू केल्याची नोंद आपल्या यम.रिपोज.डी फोल्डरातल्या रेडहॅट.रिपो फाइलमध्ये असते असं आपण समजतो. दिसते तिथेच. पण ती फाइल सबस्क्रिप्शन-मॅनेजर स्वतः लिहितो, पुन्हा पुन्हा लिहितो. म्हणूनच ती हाताने बदलू नका असं तिच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं. ‘ही रिपो चालू ठेव’ ही मूळ नोंद ‘ओव्हरराइड’ म्हणून समोरच्या सर्व्हरवर, त्या यूयूआयडीच्या नावाखाली राहते. यूयूआयडी गेला, नोंदही गेली. नव्या ओळखीवर ओव्हरराइडची यादी मागितली तर उत्तर: एकही नाही.

कोडरेडी बिल्डर चालू केली. इन्स्टॉल दिलं. यादी आली, सगळं जुळलं. मुलगा ‘वाय’ दाबणार इतक्यात माझं लक्ष यादीतल्या दुसऱ्या शीर्षकाकडे गेलं. ‘इन्स्टॉलिंग’च्या खाली ‘अपग्रेडिंग’ होतं, आणि त्यात आधीपासून बसलेल्या काही लायब्ररी पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या होत्या. ९.४ वर रोखलेल्या मशीनवर या नव्या आवृत्त्या दिसायलाच नको होत्या.

‘रिलीज’ कमांड दिली. उत्तर: रिलीज नॉट सेट. ९.४ चं कुलूपही त्याच यूयूआयडीबरोबर गेलं होतं. नुसतं एक डेव्हल पॅकेज घेताना काही लायब्ररी पुढे सरकल्या असत्या, आणि रात्रीच्या अपडेटच्या जॉबने तर सगळा सर्व्हरच पुढच्या किरकोळ आवृत्तीवर नेऊन ठेवला असता. बाहेरच्या कंपनीला मग मी काय सांगणार होतो, क्लोनची गोष्ट? रिलीज पुन्हा ९.४ वर बांधलं, कॅशे साफ केली, इन्स्टॉल दिलं. या वेळी ‘अपग्रेडिंग’ शीर्षक आलंच नाही. दुपारी सव्वादोनला तिचं एक्स्टेन्शन कंपाइल झालं. चॅटवर अंगठा आला, त्यापलीकडे काही नाही.

संध्याकाळी आम्ही दोघांनी पाटीवर दोन रकाने आखले. नोंदणी गेली तेव्हा काय टिकलं आणि काय गेलं. टिकलं ते: प्रॉक्सी, पीजीडीजीची रिपो फाइल, आणि अ‍ॅपस्ट्रीममधलं पोस्टग्रेस मॉड्यूल बंद केल्याची नोंद, जी डीएनएफ आपल्याच मॉड्यूल्स.डी फोल्डरात ठेवतो. गेलं ते: ओळख, चालू केलेल्या जादा रिपो, आवृत्तीचं कुलूप. दुसऱ्या रकान्यातल्या तीनपैकी दोन गोष्टींबद्दल थेट सांगणारी एकही एरर आली नव्हती. मला या सगळ्या प्रकरणात भीती वाटली ती त्या दोघींची. नोंदणी गेल्याची तक्रार मशीन निदान दोन ओळींत करतं. कुलूप गेल्याबद्दल ते गप्प बसतं आणि आज्ञाधारकपणे अपग्रेड करत सुटतं.

त्यानंतर आम्ही केलेले बदल थोडेच आहेत. क्लोनसाठी वेगळा टेम्प्लेट केला. तो गोठवण्याआधी त्याच्यावर अनरजिस्टर करतो. तिथे ते चालतं, कारण त्या क्षणी त्या ओळखीचा तो एकटाच धनी असतो. आधीच चालू असलेल्या मशीनचा क्लोन घ्यावाच लागला, तर क्लोन नेटवर्कशिवाय उठवायचा, त्याच्यावर ‘क्लीन’ द्यायचं, मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट की नव्या करायच्या, आणि मगच केबल जोडायची. अ‍ॅक्टिव्हेशन कीमध्येच आवृत्ती आणि जादा रिपो लिहून ठेवता येतात, हे मला माहीत होतं पण आळसापोटी केलं नव्हतं. आता केलंय, म्हणजे नवी नोंदणी झाली तरी कुलूप लागलेलंच येईल. आणि रोज सकाळी एक स्क्रिप्ट सगळ्या मशीनांवर ‘आयडेंटिटी’ आणि ‘रिलीज’ विचारून येते. ओळख नसेल किंवा आवृत्ती जुळत नसेल तर मेल. अ‍ॅन्सिबल या अनेक मशीनं एकदम सांभाळणाऱ्या साधनातल्या रेड हॅटच्या आरएचसी रोलने हे आणखी नीटनेटकं होतं. आमच्याकडे तो पुढच्या खेपेला येईल.

एक धागा राहिला होता. स्टेजिंगचे क्लोन किती झालेत, असं मी विचारलं तेव्हा मुलाने एक सांगितला होता. व्हर्च्युअलायझेशनच्या यादीत बघितलं तर तीन निघाले. दुसरा मी स्वतः आठ महिन्यांपूर्वी एका डेमोसाठी केला होता आणि विसरलो होतो. तिसरा कुणाचा, ते कुणी कबूल करेना. दोन्ही बंद पडून होते. बंद मशीन रेड हॅटकडे फेरी मारत नाही, त्यामुळे त्यांच्या डिस्कवर ते जुनं सर्टिफिकेट तसंच होतं, आपलं नाव कमी झाल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. माझ्यावाला पुढच्या सोमवारी मुद्दाम चालू करून ठेवला आणि चहाला गेलो. दुपारी परत बघितलं, ‘कन्झ्युमर.ओल्ड’ तयार होतं.